वाकडं अंगण

ब्लाझेनाबाईंनी बूट दारात काढले,
मोज्यांनीच येऊन माझ्या खुर्चीत बसल्या,
पेडलांवर पाय टेकवले आणि म्हणाल्या,
"हं, सुरू कर तुझी लढाई."

मोराव्हियातल्या बिटाच्या शेतांवर
एकोणीस वर्षं औषध फवारलं त्यांनी.
त्या विमानाला तिथे भुंगाच म्हणत:
दोन चाकं पुढे, एक चिमुकलं शेपटाखाली.
माझ्या खेळातलं विमान चव्वेचाळीस सालचं.
पंखांत तोफा, पोटात दीड हजार घोडे,
आणि जमिनीवरची त्याची चाल मी लिहिलेली.
चार पानं समीकरणं.
शेपटाच्या चाकाचं घर्षण: शून्य दशांश सहा दोन.

बाईंनी वेग घेतला.
विमान सुतात सरळ.
शेपूट उचललं, तरी सरळ.
मग त्यांनी पाय वर घेतले,
खुर्चीत चक्क मांडी घातली,
तरीही सरळ.
"हे विमान नाही रे," त्या म्हणाल्या,
"ही ब्रनोची ट्राम आहे."

त्या रात्री मी आकडा निम्म्यावर आणला.
गुरुवारी विमान धावपट्टीवर
स्वतःच्याच शेपटामागे लागलं,
पंख घासला, ठिणग्या उडाल्या
(ठिणग्या दालिबोरच्या, सुंदर असतात).
"आता पिसाळलेलं कुत्रं," बाई म्हणाल्या.

मी कागदावर काढून दाखवलं:
वजन चाकांच्या मागे आहे,
म्हणून शेपूट नाकाला ओलांडू बघतं,
जितकं वळतं तितकं आणखी वळतं.
गणित बरोबर आहे, बाई.
"असेल. पण उधळण्याआधी जनावर
कान टवकारतं.
तुझं टवकारत नाही."
मग मांडीखाली थोपटून,
"पहिल्यांदा इथे कळतं.
डोळ्यांना कळेस्तोवर तू बिटात."

माझी खुर्ची हप्त्यावर घेतलेली, काळी, चाकांची.
तिला काही कळत नव्हतं.

ऑक्टोबरात त्यांनी मला क्यीयोवबाहेरच्या
बंद पडलेल्या गवती मैदानावर नेलं.
दव. चिचुंद्र्यांनी उकरलेले मातीचे ढीग.
मी मोजत गेलो, एकशे चौदापर्यंत,
मग नाद सोडला.
मधोमध उभं राहून बाईंनी
थर्मासचा चहा एका फरशीवर ओतला.
चहा जरा विचारात पडला,
आणि डावीकडे निघाला.

नाचता न येणारा म्हणतो, अंगण वाकडं.
माझी गत उलटी.
मी अंगणच इतकं सरळ केलं होतं
की नाचायला कुणाला कारण उरलं नव्हतं.

हिवाळाभर जमीन लिहीत बसलो.
उतार. ढीग. ओल्या गवताची घसरण.
उजवीकडून येणारा, मधेच श्वास घेणारा वारा.
शेपटाच्या चाकाला हात लावला नाही.
दालिबोर म्हणायचा, लोक ढगात लढायला येतात,
गवतात कोण बघतंय?

फेब्रुवारीत बाई पुन्हा आल्या. तेच मोजे,
डाव्या टाचेला हिरव्या लोकरीची रफू.
नाक आकाशात, समोर काही दिसत नाही,
म्हणून नागमोडी निघाल्या, जरा इकडे डोकावून,
जरा तिकडे. पाय सारखे चालू,
दळण दळावं तसे.
पट्टीच्या टोकाशी पोचल्या, वळल्या,
आणि उडाल्याच नाहीत.
परत तेवढंच अंतर, नागमोडी.

"बाई, शत्रू!" दालिबोर कानात ओरडला,
"दोन आहेत, सूर्यातून येतायत, उडा!"
"थांब," त्या म्हणाल्या, "वारा बदललाय."

पडदा लाल झाला. मग काळा.
दालिबोरने हेडफोन काढून ठेवला.
मी निकालाच्या पाटीकडे बघत होतो,
शून्य विमानं पाडली, उड्डाण शून्य मिनिटं,
आणि टेबलाखालून आवाज येत होता.
खाली वाकलो.
डावा. उजवा. हलकेच डावा.
हिरव्या रफूची टाच अजून
काहीतरी सरळ धरून होती.